मोठ्या गाडीतून मावशीकडे

तोंडवलीला आमच्या घरामागे पर्यटकांसाठी दोन खोल्या आहेत. कुडाळ स्टेशनवर उतरणारं अख्खं कुटुंब सामानासकट एका खेपेत आणता यावं म्हणून मी ही सात जणांची भलीमोठी गाडी घेतली. ती अंगणात उभी राहिली आणि पडवीत अंधार झाला. बायको दारात येऊन म्हणाली, "गाडी हाडलात काय दुसरा घर?"

मालवणच्या बाजारात ती लावायला जागा मिळेना, म्हणून मासे आणायला मी स्कूटरच काढायचो. दुपारी गाडीच्या सावलीत वाडीतली कुत्री झोपत. निघायच्या आधी वाकून त्यांना हाकलावं लागे. पण उंचावर बसून चालवण्याची मजा वेगळीच होती. कंपाउंडांवरून लोकांची अंगणं दिसत. कोणाकडे कोकमं वाळत घातलीत, कोणाकडे पाहुणे आलेत, सगळं कळे.

तेव्हा आईच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन काही महिने झाले होते. फार खाली बसायचं नाही, कमरेत वाकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. भावाच्या लहान गाडीत बसायला गेली ती अर्ध्यावरूनच घामाघूम होऊन परतली. रिक्षाचं तर नावच नको. वॉकर धरून खोलीतून पडवीपर्यंत, एवढंच तिचं जग उरलं होतं. वालावलीला तिची धाकटी बहीण, माझी मावशी राहते; गुडघ्यांमुळे तिलाही प्रवास होत नाही. दोघी रोज फोनवर बोलत. फोन ठेवला की आई पडवीतून रस्त्याकडे बघत बसे.

एका सकाळी मी गाडी पडवीच्या पायरीला अगदी चिकटवून लावली. सीट बरोबर आईच्या कमरेच्या उंचीला आली. ती पाठमोरी होऊन टेकली, मी तिचे पाय एकेक करून आत घेतले. ती इकडेतिकडे बघत राहिली, जणू कोणी दुसरीच बसली होती. मग म्हणाली, "झिला, बसलंय मा मी!"

लगेच मावशीला फोन केला. मी रस्त्याचं विचारलं तर ती म्हणाली, "चिऱ्यांचो टेम्पो येता आमच्या दारात. तुझी गाडी कित्याक येवची नाय?"

टेम्पो येत असेल. आमची गाडी काही येईना. मावशीच्या घराकडचा रस्ता दोन्ही बाजूंच्या चिरेबंदी कंपाउंडांमधून जातो. आई मधल्या सीटवर, तिच्या शेजारी बायको. मी आरसे मिटले आणि हळूहळू आत शिरलो. घर समोर दिसायला लागलं आणि गाडी जागच्या जागी थांबली. पुढे जागा नाही, दारं उघडायला फट नाही. आईला एकाच जागी फार वेळ बसवत नाही, हे आठवून मी मागे वळलो. "आई, दुखता काय गो?" मी विचारलं. तिचं लक्षच नव्हतं.

कंपाउंडाच्या पलीकडे, स्वतःच्या परसात, मावशी उभी होती. गाडी इतकी उंच की खिडकी भिंतीच्या वर आलेली. आईने काच खाली केली आणि दोघींनी एकमेकींचे हात घट्ट धरले.

"आक्का, बारीक झालंस गो," मावशी म्हणाली.

"आणि तू केस सगळे पिकवून बसलंस," आई म्हणाली, आणि दोघी हसता हसता रडू लागल्या.

मावशीच्या सुनेने भिंतीवरूनच चहा दिला, मागोमाग घावने दिले. आई खाता खाता बोलत होती, पाय दुखल्याचं एक अक्षर नाही. माझ्या छातीवरचा दगड जरा सरकला.

शेवटी बायको सीटवरून मागे सरकत सरकत डिकीतून बाहेर पडली. साडी सावरत, "आवो, हळू! डावीकडे! आणखी डावीकडे!" असं ओरडत तिने मला मागे घेतलं. एक ओरखडाही न येता गाडी तीन रस्त्यांच्या तिठ्यावर आली आणि मी स्टिअरिंगवर कपाळ टेकून दोन मिनिटं तसाच बसलो.

तिठ्यावरच्या दुकानाच्या ओट्याला गाडी लावून आईला उतरवलं. तिने माझ्याकडे वॉकर मागितला.

"आता चलत जातंय," ती म्हणाली.

ऑपरेशननंतर ती घराबाहेर कधी चालली नव्हती. मी एका बाजूला, बायको दुसऱ्या बाजूला. ती मध्ये एकदा भिंतीला हात लावून थांबली, दम घेतला आणि पुन्हा निघाली. मावशी दुखऱ्या गुडघ्यांनी फाटकापर्यंत आली होती. तिने उंच खुर्ची आधीच पडवीत मांडून ठेवली होती. आई तिच्यावर बसली, पदराने तोंड पुसलं, आणि पहिलं वाक्य म्हणाली, "जेवूक काय केलंस?"

मी खांबाला टेकून उभा होतो. इतके महिने ती पुन्हा कधी कुठे जाईल का, ही काळजी आम्ही दोघांनी एकमेकांनाही बोलून दाखवली नव्हती. बायकोने माझ्याकडे पाहिलं. तिचेही डोळे भरले होते.

परतताना आई मागून म्हणाली, "पुढल्या आयतवारी वैभववाडीक भाचयेकडे जावया. तिका बघून किती दिवस झाले."

"जावया," बायकोच म्हणाली.