आतोबा खोली शोधतात

आमच्या आतोबांइतका, म्हणजे आत्याच्या यजमानांइतका, नको तिथे नाक खुपसणारा माणूस अख्ख्या पनवेलमध्ये सापडायचा नाही. उभा जन्म आरोग्य खात्यात गेला. निवृत्त झाले, पण खातं काही अंगातून गेलं नाही. लग्नाला गेले तर नवरानवरीच्या आधी पाण्याच्या पिंपाचं झाकण बघतात. कुणाचं पोट बिघडलं की औषध राहतं बाजूला, "परवा कुठे जेवलास?" इथून उलटतपासणी सुरू होते.

हल्ली त्यांनी भलतंच मनावर घेतलंय. लैंगिक गुन्ह्यांची शिक्षा भोगून सुटलेल्या पुरुषांसाठी एक मानसोपचारतज्ज्ञ बाई दर रविवारी गट घेतात, तिथे हे मदतीला जातात. कुणाचा कामावर जायचा रस्ता शाळेवरून तर जात नाही ना, हे स्वतः चालून बघतात. शाळा सुटायच्या वेळी वही घेऊन उभे राहिले म्हणून दोनदा पालकांनी यांनाच हटकलं! मी एकदा चिडून विचारलं, "असल्या लोकांची कसली सेवा करता हो?" तर म्हणाले, "सेवा नाही गं, बंदोबस्त. उपचार घेतले म्हणून गुन्हा माफ होत नाही. पण पुन्हा घडू नये, हे कुणीतरी बघायला नको?"

परवा त्यांच्यातल्या एकाने, द्रोणागिरीच्या गोदामात कामाला असलेल्याने, आपणहून फोन केला. "सर, मी राहतो तिथे खालीच मुलींचा क्लास सुरू झालाय. मला इथून हलवा. माझा माझ्यावर भरवसा नाय." झालं, आतोबा निघाले खोली शोधायला. तेही त्याची परवानगी घेऊन, प्रत्येक घरमालकाला खरं काय ते आधीच सांगत! दारं धडाधड बंद झाली. आमची विचुंब्याची खोली रिकामी होती, म्हणून माझ्याकडेही आले. मी साफ नाही म्हटलं. कुठला क्लास, एवढंही विचारलं नाही. आतोबा न रागावता चहा पिऊन गेले. शेवटी बाजारातल्या एका कोकणी मुसलमान दुकानदाराने दुकानावरची खोली दिली. "चाचा, तुम्ही लपवलं नाय, म्हणून देतो. इथे लहान कुणी नाय. पण माझी नजर राहणार हां."

त्याच आठवड्यात मी लेकीला चित्रकलेच्या नव्या क्लासला सोडायला गेले, तर इमारतीखाली टेम्पो उभा आणि आतोबा त्यात सामान चढवताहेत. टेम्पोमागे एकजण हातात बादली घेऊन, भिंतीकडे तोंड करून उभा होता. हाच तो क्लास आणि हाच तो माणूस, हे लक्षात आलं तेव्हा मी लेकीला जवळ ओढलं.

"आधी तिला आत सोड," आतोबा हळूच म्हणाले.

मुलगी आत जाईपर्यंत तो माणूस वळला नाही. मला भीती वाटली, संतापही आला, आणि आतोबांना मी काय काय बोलले होते ते आठवून लाजही वाटली. ते एकटेच गादीशी झटापट करत होते. मी पुढे झाले आणि गादीचं दुसरं टोक धरलं.