राणीला जोड पाहिजे, असं ठरलं तेव्हा

राणीवर अन्याय झाला तो मंगळवारी, सकाळी साडेअकरा वाजता, पिंपळगाव राजातल्या एका घराच्या ओसरीवर. राणी म्हणजे सहा वर्षांची पांढरी पामेरियन कुत्री. अन्याय करणारे तिघं होते. घरातले आबा, त्यांचा मुलगा विलासराव, आणि मी. मी जनावरांची डॉक्टर आहे, म्हणून माझा गुन्हा सगळ्यांत मोठा.

मला राणीसाठी बोलावलंच नव्हतं. विलासरावांचा फोन होता. "मॅडम, दुसरं कुत्रं घेऊन राह्यलो. नर घ्यावा का मादी, तेवढं येऊन सांगा." विलासराव शाळामास्तर. राणी त्यांच्या मुलीची लाडकी. मुलीचं लग्न होऊन महिना-सव्वा महिना झाला होता. ती सासरी गेली आणि राणीनं जेवण कमी केलं, मग जवळपास सोडलंच. फाटकापाशी भुंकणं बंद. दिवसभर पडून. घरच्यांचा निकाल झालेला होता: पोर गेली, राणी एकटी पडली, तिला सोबत आणा.

आबांनी त्यावर शिक्का मारला. "बाई, जोडीतला एक बैल गेला ना, तं दुसरा आठ-आठ दिवस कुटाराले तोंड लावत नाही. गव्हाणीत मान टाकून उभा राह्यते. बाजारातून जोड आणून शेजारी बांधली, का मंग हळूहळू खाते. हेही तसंच आहे."

आबांनी जन्मभर बैल सांभाळलेत. त्यांचं बैलांबद्दलचं बोलणं खोटं नाही, मी स्वतः असे बैल पाहिलेत. म्हणून मी मान हलवली. बैलाचं खरं, म्हणून कुत्रीचंही खरं, हे कोणत्या पुस्तकात लिहिलंय, हा प्रश्न मला पडला नाही.

उलट मी पिशवीतून माझं पत्रक काढलं. कॉलेजात असल्यापासून मी पत्रकं लिहिते. वसतिगृहाच्या पाण्यावर लिहिली, गावातल्या रस्त्यावर लिहिली, डॉक्टर झाल्यावर जनावरांवर लिहायला लागले. हे पत्रक होतं 'दुसरं कुत्रं आणण्याआधी दहा प्रश्न'. जागा आहे का? फिरवायला माणूस आहे का? दोघांना वेगळी ताटली देणार का? अभिमानानं वाचून दाखवलं. दहाच्या दहा उत्तरं घेतली. पहिलं कुत्रं ठणठणीत आहे का, हा प्रश्न त्या दहांत नव्हता. शुद्धलेखन मात्र तीनदा तपासलं होतं.

"राणीचं ऑपरेशन झालंय का?" मी विचारलं. म्हणजे पिल्लं न होण्याचं.

"नाही."

"मग नर आणू नका. पिल्लं होत राहतील. मादीच आणा."

बरोबर प्रश्न विचारला होता मी. उत्तराचा उपयोग मात्र येणाऱ्या पाहुणीसाठी केला, जिच्याबद्दल विचारला तिच्यासाठी नाही.

राणी पाण्याच्या बादलीशेजारी पडली होती. "पाणी फार पिऊन राह्यली," विलासराव म्हणाले. "ऊन आहे," मी म्हणाले. थर्मामीटर स्कूटरच्या डिक्कीत होतं, दहा पावलांवर. मी वडनेर भोलजीहून म्हशीची केस करून आले होते, अंगाला वास येत होता, घरी जायचं होतं. विलासरावांची बायको संगीताताई चहा ठेवून आत गेल्या. मी चहा प्यायले आणि पॅडवर लिहून दिलं: दुसरं पिल्लू आणण्यास हरकत नाही. खाली सही. राणीला हात न लावता.

गुरुवारी देऊळगाव राजाहून पिल्लू आलं. विलासरावांच्या मेहुण्याकडचं, तपकिरी, मुठीएवढं. शुक्रवारी सकाळी मला व्हिडिओ आला. पिल्लू राणीच्या ताटलीत तोंड घालून दूधपोळी खातंय, राणी हातभर अंतरावर डोळे मिटून पडलीय. खाली लिहिलेलं: "पाहा मॅडम, किती समजूतदार आहे. भांडण नाही काही नाही."

मी तो व्हिडिओ तीन वेळा पाहिला. सहा वर्षं एका घरावर राज्य केलेली कुत्री परक्या पिल्लाला आपल्या ताटलीत तोंड घालू देत नाही. गुरगुरते, निदान उठून निघून जाते. जी काहीच करत नाही, ती समजूतदार नसते. तिच्यात ताकद उरलेली नसते.

मी स्कूटर काढली.

या वेळी बॅग हातात घेऊनच आत शिरले. राणीच्या हिरड्या फिकट. पोट ताणलेलं, दाबलं तर कण्हली. शेपटी वर केली. मागचे केस चिकटलेले, आणि वास असा, की मला पुढचं तपासायची गरजच नव्हती.

"हे कधीपासून आहे?" मी ओसरीकडे पाहून विचारलं. आबा दुसरीकडे पाहायला लागले. विलासराव म्हणाले, "आम्हाले तं काही दिसलं नाही."

मी स्वयंपाकघरात गेले. संगीताताई भाकरी थापत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही.

"दहा-बारा दिवस झाले ताई. लग्नाच्या गडबडीत ती माजावर आली होती. ते थांबलं, मंग काही दिवसांनी हे सुरू झालं. आधी लाल, मंग पिवळं. तिचं अंथरायचं पोतं मीच धुतो रोज."

"मंगळवारी मी इथेच होते. सांगितलं का नाही?"

"आबा बसले होते समोर. अन् तुम्हाले बोलावलं होतं पिल्लाच्या कामाले. मधात मी काय बोलू?"

"विलासरावांना?"

"सांगतलं होतं. ते म्हणले, कुत्रीचं काय सांगत बसतं."

या घरात दोन गाई आहेत. गाय उलटली, म्हणजे गाभण राहिली नाही, की विलासराव मला फोन करतात. फोन स्पीकरवर असतो. सोट कसा होता, म्हणजे गाईच्या अंगावरून जाणारा चिकट स्राव, काचेसारखा की पांढुरका, किती लांब तार होती, हे आबा शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर ओरडून सांगतात. कुणाची मान खाली जात नाही. कारण तिथं दूध आहे, वासरू आहे. गाईचं गर्भाशय म्हणजे चर्चा. कुत्रीचं म्हणजे घाण, ती बाईमाणसानं गुपचूप धुवायची. मी संतापले ती इथं. आणि त्या बाईवर नाही.

राणीला टॉवेलात गुंडाळून खामगावला आमच्या दवाखान्यात नेलं. विलासराव मागे धरून बसले. तिथे मी ज्यांच्या हाताखाली काम करते त्या सरांनी सोनोग्राफी केली. या दुखण्याला पायोमेट्रा म्हणतात. मादीचा माज संपल्यावर गर्भाशयात पू साठतो. विष रक्तात जातं, किडनीवर ताण येतो, म्हणून ती पाणी पाणी करते. ऑपरेशन न झालेल्या, वयानं वाढलेल्या कुत्रीत हे नेहमी दिसतं. लवकर कळलं तर गर्भाशय काढून टाकतात आणि बहुतेक कुत्र्या वाचतात.

सर हात धुताना म्हणाले, "मंगळवारी कोण गेलं होतं?"

"मी."

"टेम्परेचर?"

"घेतलं नाही."

"हात लावला होतास?"

"नाही सर. त्यांना पिल्लाबद्दल सल्ला हवा होता."

"मग सल्ला फोनवर द्यायचा. पेट्रोल कशाला जाळलंस?"

विलासराव भिंतीकडे पाहत उभे होते. सरांनी त्यांना सांगितलं, ऑपरेशन करतो, पण किडनीचे आकडे वाईट आहेत, भरवसा देत नाही. ते म्हणाले, "करा साहेब. पोरीले काय तोंड दाखवू?"

ऑपरेशन झालं. गर्भाशय निघालं ते पुवानं भरलेल्या जाड दोरखंडासारखं. शनिवारी राणीनं मान उचलली, सलाईनचा पाय ओढून घेतला. आम्हाला आशा वाटली. पण लघवी होत नव्हती. रविवारी सकाळी ती गेली.

मी सोमवारी त्यांच्या घरी गेले. बोलावलं नव्हतं, तरी गेले. पिल्लू ओसरीवर चप्पल चावत होतं. विलासराव म्हणाले, "एका अर्थानं बरं झालं मॅडम, दुसरं आधीच आणून ठेवलं. नाहीतं घर खायले उठलं असतं."

माणूस वाईट नाही. राणीला पुरताना रडला होता, हे मला नंतर कळलं. तरी त्या क्षणी मला त्याची पाटी-पुस्तकं रस्त्यावर फेकावीशी वाटली. जोड आणली होती राणीसाठी. उपयोगी पडली ती यांच्या.

मी फक्त एवढंच म्हणाले, "हीसुद्धा मादी आहे. वेळ आली की ऑपरेशनला आणायची. कधी ते मी कळवीन."

"एवढ्याशा जिवाले कायले कापता बाई?" आबा म्हणाले.

दारातून उत्तर आलं. "मी घेऊन येईन." संगीताताई पदर खोचून उभ्या होत्या. आबांसमोर. "अन् हिले काही झालं, तं मी इथूनच सांगीन. सगळ्यायसमोर. ऐकायचं नसंल त्यायनं उठून जावं."

आबा उठले नाहीत. विलासराव म्हणाले, "हाव, सांगजो."

माझ्या पत्रकाच्या उरलेल्या प्रती मी जाळल्या. नव्या पत्रकात एकच प्रश्न आहे: तुमच्या पहिल्या कुत्र्याला शेवटचा हात कधी लावला? उदास कुत्रं आणि आजारी कुत्रं लांबून सारखंच दिसतं. फरक कळायला उठावं लागतं. माझ्यासारख्या शिकलेल्या बाईलाही.

तुम्ही दुसऱ्या कुत्र्याचा विचार करत असाल, रंग ठरवत असाल, नाव ठरवत असाल, तर आधी खुर्चीतून उठा. पहिल्याच्या हिरड्या पाहा, पोट चाचपा, शेपटी वर करून पाहा. आणि घरात जी बाई त्याचं अंथरूण धुते, तिला चारचौघांत बसवून विचारा. ती बोलेल तेव्हा मान दुसरीकडे वळवू नका. हे आज करा.