व्हर्नाची बोटे

जुन्या कपड्यावरून वाद झाला की ऑस्ट्रेलियातल्या बॅलरॅट गावच्या बायका तो कपडा व्हर्ना ट्रेझाइजकडे नेत. तीस वर्षे ती बायकांचे जुने ब्लाउज विकत होती: पॅरिसच्या नामवंत शिवणघरांतले, मेलबर्नच्या विस्मृतीत गेलेल्या शिंपिणींनी शिवलेले, आणि गळ्यामागची नावाची पट्टी कुणीतरी उसवून टाकल्याने कुळगोत्र न उरलेलेही. या बेवारशांवर तिचा विशेष जीव. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता ती बाही चिमटीत धरी आणि मान न वळवता सांगे, "रेशीम आहे, पण वजन वाढवायला क्षार पाजलेत. दोन वर्षांत चिरेल." आणि दोन वर्षांत ते चिरे.

कर्करोगावरच्या औषधांनी तिला वाचवले आणि मोबदल्यात बोटांची संवेदना ठेवून घेतली. परत येईल, असे डॉक्टर म्हणाले होते. दोन हिवाळे उलटले, आली नाही. व्हर्नाने हे कुणालाही कळू दिले नाही. बाही ती पूर्वीसारखीच चिमटीत धरी. उत्तर मात्र शिवणीवरून, बटणांवरून शोधी, आणि उरलेले अंदाजाने देई.

ऑगस्टातल्या एका मंगळवारी नोरीन पास्को आली. तिची थोरली बहीण कोरल रविवारी वारली होती. दफन गुरुवारी होते. नोरीनने पिशवीतून एक काळा ब्लाउज काढला. त्याच्या खांद्यांवर टिकल्यांची नेच्याची पाने भरलेली होती.

"आईनं शिवलेला, चोपन्न साली. पेटीत हाच घालायचा, असं कोरलनं बजावून ठेवलंय. कपाटाचा वास तेवढा घालव, बाई. नाहीतर वर गेल्यावरही माझ्याच नावानं ओरडेल."

"ओरडायचीच ती."

"जन्मभर तेच केलं. आता ओरडायलाही कुणी उरलं नाही बघ."

कपाटाचा वास वाफेने जातो, पण अशा टिकल्यांच्या बाबतीत या व्यवसायात एक रीत आहे. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या टिकल्या हाडांपासून काढलेल्या जिलेटिनच्या असत. वाफ लागली की त्या विरघळतात. म्हणून आतल्या कडेची एखादी टिकली ओल्या बोटाने दाबून पाहायची; चिकटली, तर वाफ वर्ज्य. नोरीन गेल्यावर व्हर्नाने बोट ओले केले, दाबले. काही जाणवले नाही. चोपन्न सालच्या म्हणजे प्लास्टिकच्याच, असे तिने मनाशी म्हटले. आणि ज्या बोटाला उकळत्या चहाचा कपही पोळत नव्हता, त्याची साक्ष तिने ग्राह्य धरली.

वाफेच्या तिसऱ्या झोताबरोबर हाडे शिजल्यासारखा वास आला. तिने नळी खाली ठेवली तोवर डाव्या खांद्यावरची पाने काळ्या चिकट ओघळांत बदलली होती आणि मध्ये नुसते दोरे उभे होते. कुणाच्या तरी युद्धापूर्वीच्या झग्यावरून उसवलेल्या टिकल्या त्या माउलीने इथे पुन्हा शिवल्या असणार. त्या पिढीच्या शिंपिणी साधी टिकलीही वाया घालवत नसत, हे व्हर्नाइतके कोणाला ठाऊक होते?

बुधवारी सकाळी नोरीनने ब्लाउज काउंटरवर पसरला आणि बराच वेळ पाहिला.

"तुला कळलं नाही? तुला तर बघावंसुद्धा लागत नाही."

"बोटांना काही कळत नाही, नोरीन. दोन वर्षं झाली."

"मग सांगायचंस ना. मी वासासकट घातला असता."

व्हर्नाने टांगलेल्या ब्लाउजांकडे हात केला. "दुकानातला कुठलाही घे. हवा तो."

"कोरलला? दुसरीनं उतरवलेला?" नोरीनने खराब बाजू आत घेऊन ब्लाउजची घडी घातली. "तिनं तर माझंसुद्धा कधी घातलं नाही."

त्याच वेळी मागच्या आरशापासून एक तरुण मुलगी हस्तिदंती रंगाचा ब्लाउज घेऊन पुढे आली. "हे खरं रेशीम आहे ना? तुम्हाला म्हणे नुसता हात लावला की कळतं."

व्हर्नाने बाही चिमटीत धरली. तिथे कागद असता, तरी तिला फरक पडला नसता. नोरीन तिच्या चेहऱ्याकडे नव्हे, बोटांकडे पाहत होती.

"रेशीम आहे," व्हर्ना म्हणाली.

नोरीनने पिशवी उचलली आणि ती बाहेर पडली. मुलगी खुशीने पुन्हा आरशाकडे वळली.