बर्फातलं तोंड

कोकणातला माणूस, आणि त्याला आयुष्यात एकही भूत भेटलेलं नाही, असं म्हटलं की लोक संशयाने बघतात. पण खरंच... कुडाळजवळच्या आमच्या वाडीत प्रत्येक वडापिंपळाला कुणी ना कुणी मालक होता आणि मी तिन्हीसांजेला खुशाल त्याखालून शीळ घालत यायचो. या सदरातले अनुभवही मी चहाबरोबर चवीने वाचतो आणि बहुतेकांचा निकाल मनातल्या मनात लावून टाकतो. आज मीच लिहायला बसलोय म्हणून बायको हसतेय. हसू दे. माझ्या अनुभवात भीती अशी नाहीच. लाज आहे, आणि ती इतक्या वर्षांत कमी झालेली नाही.

८३ सालचा हिवाळा. बहारीनला मनामातल्या एका कलर लॅबमध्ये मी प्रिंटर होतो, म्हणजे निगेटिव्हवरून रंगीत फोटो छापणारा. राहायला तिथल्याच नईम भागात. शेजारच्या खोलीत शिंदेकाका — वाईकडचे, एका बांधकाम कंपनीत ड्रायव्हर. माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे, पण मला कायम ‘तुम्ही’ म्हणायचे. त्यांचा एकुलता एक मुलगा संपत सैन्यात होता, वर कुठेतरी बर्फातल्या चौकीवर. आदल्या वर्षी तिथे बर्फाचा कडा कोसळला आणि संपत त्याखाली गेला. देह मिळालाच नाही. ती तार आली त्या दिवशी काका खोलीच्या दारातच कोसळले. त्यांना सलमानिया हॉस्पिटलला नेलं होतं, मीच सोबत होतो.

गावी काकू मात्र मानायला तयार नव्हत्या. तो तिथे नव्हताच, बदली झाली असेल, हे लोक कुणा दुसऱ्याचं नाव माझ्या पोरावर घालतायत... असं त्यांचं चाललेलं. रोज संध्याकाळच्या एसटीला फाट्यावर जाऊन उभ्या राहायच्या. भाऊबंद म्हणाले, पिठाचा पुतळा करून विधी उरकू. तर त्यांनी पीठच फेकून दिलं. मग संपतच्या एका सोबत्याने चौकीवर काढलेल्या त्याच्या शेवटच्या फोटोची निगेटिव्ह घरी पाठवली. साताऱ्याच्या स्टुडिओत ती छापून घेतली आणि उलटंच झालं.

काका ती निगेटिव्ह आणि तो फोटो घेऊन लॅबवर आले.

“ती म्हणती, माझ्या लेकराला राखंत उभा केलाय,” काका म्हणाले. “आन् म्हणती, ह्याचं तोंड कुठाय? ह्यो कुनीबी आसंल. बर्फात त्याचं तोंड दावा, मग दिवस घाला.”

फोटो बघितला. काकूंचं काही चुकत नव्हतं. बर्फ अगदी चुलीतल्या राखेच्या रंगाचा, आणि मधे जाड कोटातला एक माणूस, चेहऱ्याच्या जागी नुसता काळा डाग.

बर्फाचे फोटो आमच्याकडे यायचे. लंडन-स्वित्झर्लंडला जाऊन आलेली बहारीनमधली श्रीमंत मंडळी आणायची. बर्फ छापणं हा वैताग असतो. इतकं पांढरं समोर आलं की कॅमेरा बिचकतो, उजेड कमी आत घेतो, आणि माणसाचा चेहरा अंधारात जातो. छापणारं मशीनही पांढऱ्याला करडं करून टाकतं. त्यात वरच्या आभाळाची निळाई सगळ्या बर्फावर सांडलेली असते. ती काढायला जावं तर माणसाला कावीळ होते. मी स्वतः बर्फ पाहिला होता तो मालवणच्या बंदरावर, माशांच्या पेट्यांत. पण लॅबमध्ये माझ्याइतका पांढरा बर्फ कुणाला जमायचा नाही. त्याचं गुपित आईचं होतं. आई वडिलांची धोतरं धुताना शेवटच्या पाण्यात नीळ घालायची. पांढरं पांढरं दिसायला थोडं निळं लागतं, हे मला फिल्टर हातात येण्याच्या आधीपासून ठाऊक होतं. म्हणून मी सगळी निळाई कधीच काढत नसे. किंचित राखायची.

पण चेहऱ्याला नीळ चालत नाही. निगेटिव्ह मी भिंगाखाली धरली. चेहऱ्याच्या जागी फिल्म कोरी होती. नुसती पारदर्शक, खिडकीच्या काचेसारखी. तिथे काही नोंदलंच गेलं नव्हतं, आणि जे निगेटिव्हमध्ये नाही ते कागदावर येत नाही. यात कौशल्याचा प्रश्नच नसतो. तिकडे अरबीत म्हणतात तसं, मफी म्हणजे मफी, नाही म्हणजे नाही.

हे तेव्हाच काकांना सांगायला हवं होतं. मी म्हणालो, “बघतो.”

दुपारी लॅब बंद असायची त्या वेळात मी प्रयत्न केले. तारेला पुठ्ठ्याचा छोटा गोल चिकटवून चेहऱ्यापुरता उजेड अडवून बघितला. काळ्याचा चिखल झाला, बाकी काही नाही. पुन्हा केलं, पुन्हा चिखल. शेवटी म्हटलं, तोंड गेलं, निदान राख तरी घालवू. त्या माउलीच्या पोराला स्वच्छ बर्फात उभं करू. पुठ्ठा बाजूला ठेवला, चेहऱ्याचा नाद सोडला आणि फक्त बर्फाकडे लक्ष दिलं. बर्फ पांढरा होईपर्यंत उजेड कमी केला, पिवळा फिल्टर थोडा उतरवला, म्हणजे निळं कमी होतं — निगेटिव्हचं सगळं असं उलटंच — आणि आईची आठवण काढून चिमूटभर निळाई राहू दिली. कागद मशीनमध्ये सोडला.

धुऊन, वाळून प्रिंट बाहेर आला. बर्फ असा सुरेख... आणि मधे एक तरुण मुलगा हसत होता.

चेहरा होता! डाग नाही, चिखल नाही. उन्हाने बारीक केलेले डोळे, थंडीने फाटलेले ओठ, सगळं. मी आधी निगेटिव्ह उलटसुलट करून पाहिली. तीच होती. चेहऱ्याच्या जागी कोरीच होती. अंगावर काटा आला नाही, खरं सांगतो. आनंद झाला! वाटलं, लेका परब, जिंकलास. माझ्या नसलेल्या कर्तबगारीचा मला झालेला तो आनंद आठवला की अजून कानशिलं तापतात.

काउंटरवरचा जोसेफ चार वाजता आला, त्याने वाकून पाहिलं. “कौन है ये? बहुत स्मार्ट लड़का है, परब.”

संध्याकाळी काका आले. फोटो हातात घेतला, चेहऱ्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, “संपाच हाय. कसं काढलंसा हो ह्ये? समद्यांनी तर सांगितलं, हुनार न्हाई म्हणून.”

काका, मला माहीत नाही — एवढंच वाक्य होतं. मी काय बोललो?

“असतो एकेकाचा हात, काका.”

आणि तो वडिलांच्या वयाचा माणूस, गाडीच्या ग्रीसने माखलेले हात पँटला पुसून, भर दुकानात माझ्या पाया पडला. मी मागे सरलो नाही. त्यांना धरलं नाही. जोसेफ बघत होता, दोन अरबी गिऱ्हाइकं बघत होती, आणि मी देवळातल्या मूर्तीसारखा उभा राहून तो नमस्कार घेतला.

काका रजा टाकून फोटो घेऊन गावी गेले. परत आले तेव्हा चेहरा निवळलेला होता. काकूंनी फोटो बघितला, पहिल्यांदा मोठ्याने रडल्या, आणि संपतचे दिवस झाले. फाट्यावर जाणं थांबलं.

“आता माझ्यापुरता एक काढून द्या,” काका म्हणाले. “ती काय त्यो हातातनं सोडत न्हाई.”

मी काढायला गेलो. तीच निगेटिव्ह, तेच फिल्टर, तोच कागद. काळा डाग. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी... काळा डागच. काकांना चुकवायला मी खोलीवर उशिरा जाऊ लागलो. शेवटी त्यांनी जिन्यात गाठलं. मी म्हणालो, निगेटिव्हवर ओरखडे आले, काका, खलास झाली. ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “ऱ्हाऊ द्या. तिला दिसला, बास झालं.”

पुढे ते कायमचे गावी गेले. नंतरच्या रजेत मी वाकडी वाट करून त्यांच्याकडे गेलो. खरं काय ते सांगून टाकायचं ठरवूनच गेलो होतो.

काकूंनी हातपाय धुवायला पाणी दिलं, चहा टाकला आणि पदरात गुंडाळलेला तो फोटो आणून माझ्या हातात ठेवला. “तुमच्याच हातचा न्हवं? बगा, कसा हसतोय.”

मी बघितलं.

बर्फ होता, पांढरा, मी केला होता तसाच. चेहऱ्याच्या जागी काळा डाग होता.

मी फोटो दाराच्या उजेडात नेला. तिरका धरला. डागच. लॅबमध्ये पाहिलेला तो चेहरा आठवायला गेलो, तर तोही आठवेना. नाक कसं, कपाळ कसं... काही नाही.

“कुनावर गेलाय, सांगा बरं?” काकू कौतुकाने विचारत होत्या. “माझ्यावर का ह्यांच्यावर?”

“तुमच्यावर,” मी म्हणालो.

त्यांचा चेहरा असा फुलला! “ऐकलंसा?” त्या काकांना म्हणाल्या. “समदं गाव आपलं बापावर गेलाय म्हणतं!”

काका हसले नाहीत. मी फोटो तिरका धरला तेव्हापासून ते माझ्याकडेच बघत होते. त्यांनी माझ्या हातातला फोटो हळूच काढून घेतला, काकूंना दिला आणि म्हणाले, “च्या घ्या, परब. निवतोय.”

मी चहा घेतला आणि काहीही न सांगता निघालो.

गेल्या वर्षी जोसेफचा कोट्टयमहून फोन आला होता. इकडच्यातिकडच्या गप्पा झाल्यावर मी सहज विचारल्यासारखं विचारलं, तो बर्फातला फौजी आठवतो का रे?

“अरे, क्यों नहीं? पतली मूँछ, आँखें छोटी करके हँस रहा था,” तो म्हणाला. “तूने ही तो बनाया था.”

या सगळ्याचा अर्थ मला आजही लावता आलेला नाही. डोळ्यांचा भास म्हणावं, तर तो बाकी सगळ्यांनाच कसा झाला? त्या मुलाचं तोंड साऱ्या गावाला दिसतं, जोसेफला कोट्टयममध्ये बसून दिसतं. फक्त मला दिसत नाही, आणि ते का, हे काकांना विचारायची माझी हिंमत झाली नाही.