रिबन माईकवरची धूळ

भिलाईत आम्ही कुठल्याही वस्तूला हात लावण्याआधी तिच्यावर फुंकर मारतो. स्कूटरची सीट, खिडकीची कड, शाळेतला बाक. स्टील प्लांटची बारीक काळी धूळ सगळीकडे बसते. ही आपली सवय आहे, हे मला काकूंच्या रेकॉर्डिंग स्टुडिओत काम करू लागेपर्यंत कळलंच नव्हतं.

काकू आईच्या मैत्रीण. रेल्वेवाल्यांच्या घरातल्या, मूळ नागपूरकडच्या. नेहरू नगरातल्या घराची मागची खोली त्यांनी स्वतः भिंतींना गाद्या ठोकून स्टुडिओ केली होती. तिथला जुना रिबन माईक त्या कुणाला हाताळू देत नसत. त्याच्या आत चुंबकाच्या मधोमध ॲल्युमिनियमची पट्टी लटकते, केसाहून पातळ. आवाजाने ती थरथरते, वाऱ्याने ताणली जाते. शेजारच्या खोलीत न्यायचा तरी काकू पंखा बंद करून, कापडी पिशवी घालून नेत. वायर जोडण्याआधी मिक्सरवरचं माईकला वीज पाठवणारं बटण बंद आहे ना, हे दोनदा बघत. मी सगळं वहीत लिहून घेतलं होतं. बोलण्यापेक्षा मला ते सोपं जातं.

एका सकाळी जवळच्या मरोदा वस्तीतले एक काका क्लॅरिनेट वाजवायला आले. प्लांटमधून रिटायर झालेले, आयुष्यातलं पहिलंच रेकॉर्डिंग. काकू मला म्हणाल्या, "आज माईक तू लाव."

मी पिशवी काढली. जाळीवर काळे कण दिसले आणि मी फुंकलं.

हेडफोन लावून हळूच 'हॅलो' म्हटलं. आवाज बसका, दबलेला. काकू बाहेर चहा देत होत्या. मी गप्प राहिले असते तर पट्टी जुनी होऊन गेली, असंच सगळ्यांना वाटलं असतं. मी बराच वेळ वायर गुंडाळत उभी राहिले. मग दारात गेले.

"काकू, मी माईकवर फुंकलं."

"कावून?"

"धूळ होती."

त्यांनी कप ठेवला, आत येऊन डोळे मिटून ऐकलं. "पट्टी लोंबली."

काका दारातून म्हणाले, "बाई, या पोरीनं एकदाच फुंकलं त हे हाल. मी तर अर्धा तास फुंकणार होतो!"

काकू खळखळून हसल्या. "तुम्हाले मी चार हात दूर बसवणार होती, तेही तिरपं."

मग माझ्याकडे वळून, "सांगितलं ते बरं केलं. नाही तर दिवसभर मी वायरीच तपासत बसली असती."

त्यांनी साधा माईक काढला, काकांच्या मागे जाड गोधडी टांगली, तीनदा जागा बदलली. क्लॅरिनेटचा कर्कशपणा गेला. स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकताना काकांचे डोळे भरून आले. काकूंचा कान असा आहे.

नंतर मी विचारलं, "उघडून बघू या?"

"नाही. उघडला का चुंबक इथली सारी लोखंडाची धूळ ओढते. नागपूरले दुरुस्तीवाला आहे. पॅक तू करजो. उभाच ठेवजो, आडवा ठेवला त पट्टी आणखी लोंबते."

रविवारी दुर्गहून नागपूरच्या गाडीत बसलो. काकूंनी माईकचा डबा उभाच माझ्या मांडीवर ठेवला, खिडकीशी टेकल्या आणि अर्ध्या तासावरचं राजनांदगाव यायच्या आत गाढ झोपी गेल्या.