पेल्यावरचे ठसे

माझी मुलगी मुग्धा फॉरेन्सिक सायन्स शिकते. सुट्टीत घरी आली, मी दिलेलं पाणी प्यायली आणि रिकामा काचेचा पेला खिडकीच्या उजेडात धरून बघत बसली.

"काय गं, डाग राहिलाय?"

"नाही, असंच."

तिचं ते 'असंच' मला खरं वाटलं नाही. मग मी चहा गाळताना, सुईत दोरा ओवताना ती बघत राहायची. लेक नव्हे, कुणी साहेब चौकशीला आलाय असं वाटायला लागलं. संशय घ्यायला शिकवणारं हे कसलं शिक्षण? उद्या प्रयोगशाळेत नोकरी लागली की परक्यांचे ठसे तपासेल, असं आम्ही धरून चाललो होतो. पण शिकलेली नजर चपलांसारखी दाराबाहेर काढून ठेवता येत नसावी.

शेवटी तिनंच विचारलं, "आई, पेल्यावरचे तुझे ठसे फरफटलेले होते. हात कधीपासून थरथरतोय?"

"छे, थंडीनं असेल."

"खरं सांग."

तिच्या बाबांनाही कळू दिलं नव्हतं, ते मी तिला सांगितलं. तिनं माझा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. तो तिथेही थरथरतच राहिला.