गिअरजवळचा गणपती

आईला अग्नी देताना दादाने माझ्यासाठी थांबायला हवं होतं. माझं विमान उशिरा उतरलं. घरी पोहोचलो तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. तेव्हापासून एकाच सिंगापुरात मी सेंगकांगला, तो क्वीन्सटाउनला, आणि बोलणं बंद. त्या सकाळी त्याच्या हृदयाची शस्त्रक्रिया होती. वहिनींचा फोन आला, "आत नेण्याआधी एकदा येऊन जा, भावजी. विचारतायत तुम्हाला."

जावं की नाही, या घोळातच गाडीत बसलो. इंजिन सुरू झालं, पण गिअर पार्किंगच्या 'पी'वरून हलेना. ब्रेक दाबून जोर लावला, शिव्याही दिल्या. गॅरेजवाला फोनवरच म्हणाला, "गिअरबॉक्स गेला." मी शून्यातून धंदा उभा केलेला माणूस, माल न बघता बोलणाऱ्याला एरवी फाडून खाल्लं असतं. त्या दिवशी मात्र मुकाट्याने मान्य केलं, कारण मला तेच हवं होतं. गिअरजवळ चिकटवलेल्या छोट्या गणपतीला म्हणालो, "तुझीच इच्छा नाही, मग मी कशाला जाऊ?"

तेवढ्यात काचेवर टकटक झाली. मागच्या गाडीत पिशव्या ठेवताना माझी झटापट पाहिलेली एक चिनी बाई होती. "अंकल, यू प्रेस ब्रेक, बट बॅक लाइट नॉट कमिंग लाह!" तिच्या गाडीचंही म्हणे असंच झालं होतं. ब्रेक दाबल्याचं गाडीला कळत नाही, म्हणून ती गिअर सोडत नाही. गिअरबॉक्स बहुधा ठीक असेल. गिअरशेजारी एक बारीक झाकण असतं, त्याच्या आत किल्ली दाबली की गिअर सुटतो. तिने वाकून पाहिलं आणि हसली. "आय्यो, युअर गॉड सिटिंग ऑन टॉप!"

हात जोडून मी गणपती उचलला. खाली खरंच झाकण होतं. किल्ली दाबताच गिअर अलगद सरकला, आणि माझी सबबही सुटली. मागचे दिवे लागत नसताना गाडी रस्त्यावर नेणं बरं नव्हतं. ती पुन्हा 'पी'वर टाकली, गणपती मुठीत धरला आणि टॅक्सी केली.

दादाला न्यायला स्ट्रेचर आलंच होतं. मला पाहून तो पुटपुटला, "इतका उशीर? टॅक्सीवाल्याशी घासाघीस करत होतास काय?" मी गणपती त्याच्या तळहातावर ठेवला. तो म्हणाला, "आईच्या वेळी थांबायला हवं होतं रे."

दादा बरा झाला. त्या बाईचं नावसुद्धा मी विचारलं नव्हतं. गणपती आता दादाकडेच असतो. देवाची इच्छा काय, हे मी आता परस्पर ठरवत नाही. हात जोडतो आणि निघतो.